न दुखणारी गाठ

या स्तंभात आपण सहसा नामनिर्देशन, मुदतठेवी, वारसनोंद, करकपात अशा काहीशा कोरड्या विषयांचा परामर्श घेतो. या वेळी मात्र एका वेगळ्याच खात्याविषयी लिहावयाचे आहे. ते खाते मी 1989 साली स्वतःच उघडले, अठ्ठावीस वर्षे नेमाने चालविले आणि घरच्या मंडळींपासून शक्य तितके लपविले. ते खाते तंबाखूचे. ज्या नियतकालिकाच्या घरोघरी व्यसनमुक्तीच्या प्रतिज्ञा घेतल्या जातात, तेथे हे लिहिताना संकोच वाटतो. परंतु गेल्या वर्षभरात जे अनुभवले, ते न लिहिणे हा अधिक मोठा अपराध ठरेल, असे वाटल्यावरून लेखणी उचलली आहे.

तेव्हा माझी नेमणूक निपाणीच्या बाजूला होती. त्या भागात तंबाखू हे पीकही होते आणि चलनही. व्यापारी आपली पोती गोदामात ठेवीत आणि त्या मालाच्या तारणावर बँक कर्ज देत असे. गोदामाची तपासणी करावयाची, पोती मोजावयाची, नमुना हातात घेऊन त्याची प्रत पाहावयाची, हे माझ्याकडे आले. पहिले काही महिने नुसत्या भुकटीनेच शिंकांचा सपाटा सुरू होई. पुढे शिंका थांबल्या आणि नमुन्याची चिमूट तळहातावर चुन्याबरोबर मळली जाऊ लागली. सोबत आमचे रोखपाल असत. त्यांना आम्ही सर्व जण आप्पा म्हणत असू. मळण्याची कला मी त्यांच्याकडूनच शिकलो. आप्पा अत्यंत नेमस्त गृहस्थ. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेण्याचा त्यांचा नेम होता. मात्र सूर्यास्ताच्या आधी डाव्या गालात ठेवलेली चिमूट पुष्कळदा दिवेलागणीनंतरही तेथेच असे. या विसंगतीवर आम्ही हसत असू. तेही हसत.

2017 साली मी तंबाखू सोडली. वैराग्य आले म्हणून नव्हे, तर नातीने ‘आजोबा, तुमच्या तोंडाला वास येतो’ असे चारचौघांत सांगितले म्हणून. औषधाच्या दुकानातून निकोटिनच्या च्युइंगगमची पाकिटे आणली. दोन मिलिग्रॅमची एक वडी. हे साधन चांगले आहे, यात शंका नाही. तंबाखूतील विषारी द्रव्यांचा बोजा टाळून शरीराला निकोटिनचा थोडा हप्ता द्यावयाचा आणि तो हप्ता हळूहळू कमी करीत साधारण तीन महिन्यांत कर्ज संपवावयाचे, अशी त्यामागची योजना असते. मी मात्र ते कर्ज दर तीन महिन्यांनी नव्याने काढीत राहिलो. सात वर्षे. दिवसाला आठ-दहा वड्या. त्या चघळण्याची रीतही मला ठाऊक नव्हती. वडी हळूहळू चावावयाची, जिभेला चुरचुर जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावयाची आणि काही वेळाने पुन्हा थोडी चावावयाची. मी ती गोळीसारखी भराभर चावीत असे. त्यामुळे बरेचसे निकोटिन लाळेबरोबर पोटात जाई, उचक्या लागत आणि कानापुढचा जबड्याचा स्नायू संध्याकाळपर्यंत ठणकू लागे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर उजव्या जबड्याखाली काहीतरी फुगू लागले. त्याची एक खोड होती. एरवी विशेष काही जाणवत नसे, पण पानावर बसलो आणि वरणभातावर लिंबाची फोड पिळली की पहिल्या दोन घासांतच जबड्याखाली आवळ्याएवढा फुगवटा येई आणि कळ निघे. तासाभराने तो उतरे. सौभाग्यवतीने एकदा विचारलेच, ‘अहो, जेवताना तोंड का वाकडे करता?’ मी दाढेवर ढकलले. खरे सांगावयाचे तर मी भ्यालो होतो. तंबाखूचा पूर्वेतिहास आणि मानेपाशी गाठ, एवढ्या दोन नोंदींवरून मी परस्पर ताळेबंद मांडून मोकळा झालो होतो. दोन महिने मी लिंबू सोडले, डॉक्टरांकडे मात्र गेलो नाही.

अखेर गेलो तेव्हा डॉक्टरांनी एक बोट जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटे जबड्याखाली ठेवून मधला भाग चाचपला, गाठ दाबून जिभेखालील लाळेच्या मुखातून लाळ येते का ते पाहिले आणि एक क्ष-किरण चित्र व सोनोग्राफी करावयास सांगितली. लाळेच्या नळीत खडा अडकला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. जागा बधिर करून जिभेखाली छोटासा छेद घेऊन तो काढला आणि मी त्याच संध्याकाळी घरी आलो.

माझे कुतूहल जागे झाले होते, म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना पुष्कळ विचारले. आपल्याला लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. पहिली जोडी कानाच्या पुढे व खाली, गालगुंड झाले की सुजते ती. दुसरी जबड्याच्या हाडाखाली आणि तिसरी जिभेखाली. याखेरीज ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. या सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. आपण जेवत नसतो तेव्हा तोंड ओले ठेवणारी बहुतांश लाळ जबड्याखालच्या जोडीची असते. तिची लाळ दाट, चुन्याचा अंश अधिक असलेली, आणि तिची नळी लांब व खालून वर चढणारी. त्यामुळे लाळेचे खडे मुख्यतः तिथेच होतात. आंबट खाल्ले की ग्रंथी लाळ सोडते, पुढे वाट अडलेली असते, म्हणून फुगवटा येतो. लिंबाचे कोडे असे सुटले.

‘मग हा खडा च्युइंगगमच्या खात्यावर टाकू का?’ मी विचारले. डॉक्टर हसून म्हणाले, ‘तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. तोंड कोरडे राहणे, पाणी कमी पिणे हे खात्यावर टाका हवे तर.’ हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. एरवी आरोग्यविषयक लेखनात प्रत्येक दुखण्याचे कारण हमखास सापडलेले असते.

निकोटिन लाळेचे काय करते, हे मात्र त्यांनी समजावून सांगितले. लाळग्रंथींना आज्ञा देणाऱ्या मज्जातंतूंच्या सांध्यांवर निकोटिन काम करते. प्रथम ते सांधे चेतवते, म्हणून नवख्याच्या तोंडाला पाणी सुटते. मात्रा अधिक झाली की तेच सांधे मंदावतात. वर्षानुवर्षे तंबाखू चघळणाऱ्यांची लाळ कमी झाल्याचे काही अभ्यासांत आढळले, काहींत फारसा फरक दिसला नाही. म्हणून या बाबतीत छातीठोक विधान करणे बरे नव्हे. निःसंशय आहे ते चिमटीच्या जागेविषयी. तंबाखू रोज ज्या ठिकाणी ठेवली जाते, तेथील अस्तर पांढुरके, जाड व सुरकुतलेले होते. ओठाखाली स्नस नावाची ओलसर तंबाखू ठेवण्याची स्वीडनमध्ये जुनी चाल आहे. तेथील संशोधकांना त्या डागाखालच्या बारीक लाळग्रंथींत दाह आणि झीज आढळली होती. आपल्याकडे त्यात चुन्याची भर. चुना केवळ चवीसाठी नसतो. त्याच्या क्षारामुळे निकोटिन अस्तरातून वेगाने रक्तात शिरते. तळहातावर मळताना आपण नकळत रसायनशास्त्राचा एक प्रयोगच करीत असतो.

मिश्रीचेही तेच. भाजलेल्या तंबाखूची ती पूड दात घासण्यासाठी म्हणून हिरड्यांवर फिरविणाऱ्या वृद्ध माताभगिनी आपल्या भागात आजही आहेत, आणि त्या स्वतःला व्यसनी समजत नाहीत. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील 21.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहूनही अधिक होते. गुटख्यावर आपल्या राज्यात 2012 पासून बंदी आहे. ती कितपत आहे, हे पानटपरीपाशी दोन मिनिटे उभे राहिले की कळते.

आता आप्पांविषयी. माझा खडा निघाल्याचे सांगावयास मी त्यांना दूरध्वनी केला. थट्टेने म्हणालो, ‘आप्पा, माझ्या तोंडात खाण निघाली.’ ते म्हणाले, ‘साहेब, मलाही एक गाठ आहे गुढीपाडव्यापासून. मानेत, डाव्या बाजूला. पण दुखत नाही हो, म्हणून काही केले नाही.’

तोपर्यंत पौष उजाडला होता. गालाच्या आतल्या बाजूस एक व्रणही होता, तो त्यांनी दाढेचे टोक घासते यावर लोटला होता. मानेतील गाठीला कोणी अवधाण म्हटले, कोणी लेप सांगितला. एका हितचिंतकाने तर ‘सुई लावू देऊ नका, सुई लावली की गाठ पसरते’ असा सल्लाही दिला होता. हा समज सुशिक्षितांतही किती खोल आहे, हे मी नंतर पाहिले. बारीक सुईने गाठीतील काही पेशी काढून तपासणे ही निदानाची नित्याची व सुरक्षित रीत आहे. त्या सुईने जाणारा अर्धा तास वाचविण्यासाठी माणसे महिनेच्या महिने घालवितात.

माझी गाठ दुखत होती आणि ती निरुपद्रवी निघाली. त्यांची दुखत नव्हती. दोन्ही गाठींत चार बोटांचे अंतर, पण दोन वेगळ्या वस्तू. माझी लाळग्रंथी होती, त्यांची लसिका ग्रंथी. मानेत अशा सुमारे तीनशे लसिका ग्रंथी असतात. तोंडातील लसिकाद्रव गाळून पुढे पाठविणारी ती चौकी. दात किडला, घसा आला, की त्या सुजतात, दुखतात आणि आजार बरा होताच ओसरतात. परंतु तोंडातील कर्करोग पसरू लागला की त्याचाही पहिला मुक्काम बहुधा याच चौकीत पडतो, आणि तेव्हा ती टणक होते, हळूहळू वाढते आणि बहुतेक वेळा मुळीच दुखत नाही. आपण सारे वेदनेला धोक्याची घंटा मानतो. येथे ती घंटा वाजतच नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यविशारदांनी याविषयी केलेला अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. तोंडाचा कर्करोग प्रारंभीच्या अवस्थेत आहे, मानेत हाताला गाठ लागत नाही, अशा रुग्णांत मानेतील लसिका ग्रंथी आधीच काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत वाट पाहावी, हा त्यांचा प्रश्न होता. ज्यांच्या ग्रंथी पहिल्या शस्त्रक्रियेतच काढल्या, त्यांतील 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. ज्यांच्या बाबतीत वाट पाहिली, त्यांचे प्रमाण 67.5 टक्के भरले. आयुष्यभर टक्केवारीतच वावरलेल्या माणसाला हे साडेबारा टक्के पुरेसे बोलके वाटतात. आणि ही तुलना डॉक्टरांच्या नजरेखाली वाट पाहण्याशी आहे. आप्पांनी नऊ महिने कोणाच्याच नजरेखाली वाट पाहिली नव्हती.

त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. गालाचा भाग, जबड्याचा तुकडा आणि डाव्या मानेतील ग्रंथी काढल्या. नंतर सहा आठवडे किरणोपचार, शनिवार-रविवार सोडून रोज. ते त्यातून बचावले, हे आम्हा सर्वांचे भाग्य. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, कारण खांदा उचलणारा मज्जातंतू मानेतील त्याच प्रदेशातून जातो. शर्ट घालताना सून मदत करते. किरणांच्या वाटेत लाळग्रंथीही आल्या आणि त्यांचे काम बहुतांशी थांबले. तंबाखू लाळ आटवते की नाही, याविषयी अभ्यासकांत दोन मते असतील. तंबाखूवरील उपचाराने आप्पांची लाळ आटली, याविषयी मत एकच आहे. भाकरी ताकात कुस्करल्यावाचून उतरत नाही. दात किडू नयेत म्हणून दंतवैद्याकडे वारंवार जावे लागते. आणि पन्नास वर्षे सूर्यास्तानंतर पाण्याला न शिवलेला हा माणूस आता उशाशी तांब्याभांडे घेऊन झोपतो. रात्री चार-पाच वेळा उठून घोट घोट पाणी घेतल्याशिवाय जीभ टाळूपासून सुटत नाही. ‘नेम मोडला त्याचे इतके नाही, साहेब,’ एकदा ते म्हणाले, ‘पण जो मोडायला हवा होता तो मोडला नाही, त्याचे वाईट वाटते.’

याच सुमारास अमेरिकेतून माझा पुतण्या आला होता. त्याच्या खिशात एक गोल डबी. आत शुभ्र, पातळ पुडक्या, ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावयाच्या. ‘काका, यात तंबाखू नाही, फक्त निकोटिन.’ त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. तंबाखूने कर्करोग होतो तो मुख्यतः तिच्यातील नायट्रोसामाइन वर्गाच्या द्रव्यांमुळे, आणि अशा पुडक्यांत ती फारच कमी असतात. तेथील औषध प्रशासनाने जानेवारी 2025 मध्ये एका कंपनीच्या अशा वीस उत्पादनांच्या विक्रीला मान्यताही दिली. परंतु ती देताना ही उत्पादने सुरक्षित आहेत असे आम्ही म्हणत नाही, असेही बजावले. सिगारेट सोडणाऱ्यासाठी तो कदाचित उतार असेल. माझा पुतण्या मात्र आयुष्यात कधी सिगारेट ओढलेला नाही. त्याच्यासाठी ती चढण आहे. ओठाखालच्या त्याच जागी वीस-पंचवीस वर्षे पुडकी ठेवली तर तेथील ग्रंथींचे काय होते, याचा हिशेब कोणापाशी असणार? तो माल बाजारात तितका जुनाच नाही. मी त्याला माझी सात वर्षांची च्युइंगगमची कथा सांगितली. त्याने ती ऐकून घेतली. डबी मात्र खिशातच राहिली.

माझे स्वतःचे म्हणाल तर डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे दर आठवड्याला एक वडी कमी केली. शेवटच्या दोन वड्यांनी पहिल्या आठांपेक्षा अधिक छळले. त्या काळात तंबाखूमुक्तीच्या राष्ट्रीय साहाय्यवाहिनीचा चांगला आधार झाला. 1800-11-2356 हा तिचा विनामूल्य क्रमांक तंबाखूच्या वेष्टनावरच छापलेला असतो. अठ्ठावीस वर्षांत मी तो कधी वाचला नव्हता, असे म्हणणार होतो, पण त्यातल्या एकाही वर्षी तो छापला जात नव्हता, हेही खरे.

डॉक्टरांनी मला एक कालमर्यादा सांगितली, ती जशीच्या तशी नोंदवितो. तोंडातील व्रण, पांढरा वा लाल चट्टा, अथवा मानेतील गाठ तीन आठवड्यांत गेली नाही, तर ती दुखो वा न दुखो, तिचे कारण आपण ठरवावयाचे नाही. तंबाखू पूर्वीच सोडली असली तरी हा नियम लागू.

बँकेत रोकड तपासणीचा एक संकेत होता. ज्याच्या हाती रोकड, त्याने ती मोजावयाची आणि मग दुसऱ्याने पुन्हा मोजावयाची. दर महिन्याच्या एक तारखेला आप्पा आमच्याकडे येतात. माझी पत्नी ताकाचा मोठा पेला त्यांच्या पुढ्यात ठेवते. चहा मला. मग आम्ही दोघे खिडकीपाशी खुर्च्या ओढतो. मी आ करतो, आप्पा विजेरीने गालांच्या आतल्या बाजू, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग पाहतात आणि उजव्या हाताची बोटे माझ्या जबड्याखालून गळपट्टीच्या हाडापर्यंत सावकाश फिरवितात. नोटा मोजणारी बोटे आहेत ती, घाई करीत नाहीत. त्यानंतर मी त्यांचे तोंड तपासतो. ते आता दोन बोटांपेक्षा अधिक उघडत नाही, म्हणून विजेरी जरा तिरकी धरावी लागते.